मोडीत जाण्याआधी

बुलढाणा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या घरी दोन जातींचे पितळ सापडते. एक स्वयंपाकघरातले: गुंड, परात, तांब्या. दुसरे बैठकीतले: तोफगोळ्याची पुंगळी कापून केलेली फुलदाणी, रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी फळीवर रोवून केलेला पेनस्टँड, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले एखादे काडतुसाचे टोक, काचेच्या चौकटीत पदके. पहिल्या पितळावर नाव घातलेले असते. कोणी दिले, कोणाच्या लग्नात दिले, कोणत्या साली दिले, ते ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत वाचता येते, आणि त्यावरून वाटणीच्या वेळी भावकीत भांडणेही होतात. दुसऱ्या पितळावर घरच्या कुणी काहीच घातलेले नसते. आणणारा असतो तोवर तो सांगतो. तो गेला की दिवाळीच्या साफसफाईत नातसून विचारते, ‘हे काऊन ठेवलं?’ उत्तर मिळते, ‘आज्यानं आणलं होतं, कोन्या लढाईतून काय म्हाईत.’ पुढच्या एखाद्या दिवाळीला ती फुलदाणी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते.

माझी मागणी लहान आहे. जिल्ह्याने या वस्तूंची नोंदवही करावी. वस्तू घरातच राहोत. इमारत नको, उद्घाटन नको, चौकात रणगाडाही नको. आधी नोंद हवी. ती का हवी आणि कशी करता येईल, ते मुद्द्यांनी मांडतो.

मुद्दा 1. या वस्तू कुठून आल्या, हे वस्तूच सांगते. पण वाचता आले पाहिजे

पहिल्या महायुद्धात तोफांनी कोट्यवधी गोळे झाडले आणि प्रत्येक तोफेमागे पितळी पुंगळ्यांचे ढीग पडले. हे पितळ सरकारी मालमत्ता होते, ते परत कारखान्यात जायचे. तरी त्यातले बरेच सैनिकांच्या पिशव्यांत गेले. चरांमागच्या छावणीत रिकामा वेळ असे, खिळा आणि हातोडी असे. त्यातून फुलदाण्या, राखदाण्या, कागद कापायचे सुरे, सिगारेटच्या डब्या झाल्या. काही कामे युद्धकैद्यांनी केली. आणि खूप कामे सैनिकांनी केलीच नाहीत, बाजारातल्या कारागिरांनी करून सैनिकांना विकली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, अमारा शहरातले साबियन चांदीकारागीर चांदीवर काळ्या मिन्याने होड्या, उंट, खजुरीची झाडे काढून देत. पलटणीतल्या लोकांनी त्या डब्या मोठ्या हौसेने घेतल्या. खामगावच्या चांदीवाल्यांना आपल्या धंद्याचे हे इराकी भाऊबंद माहीत असायला हरकत नाही.

तेव्हा घरातली प्रत्येक पुंगळी रणभूमीवरून उचललेली असेल असे नाही. सरावाच्या मैदानावरची असेल, कॅन्टीनमागच्या दुकानातून घेतलेली असेल, निवृत्तीच्या दिवशी पलटणीने भेट म्हणून दिलेली असेल. त्यात कमीपणा काही नाही, पण जे आहे ते तसे लिहिले पाहिजे. नाहीतर तिसऱ्या पिढीत प्रत्येक पेनस्टँड कारगिलचा होतो.

खरे काय ते बघायला पुंगळी उलटी करायची. बुडावर ठसे असतात: कारखान्याची खूण, वर्ष, कधी तोफेचा किंवा काडतुसाचा प्रकार. रायफलीच्या पुंगळीवर ‘केएफ’ असेल तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. ‘ओएफव्ही’ असेल तर वरणगावची, म्हणजे मलकापूरहून रेल्वेने भुसावळकडे निघालो की जवळच लागणाऱ्या आयुध निर्माणीतली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात भरलेले काडतूस सीमेवर उडाले आणि त्याची पुंगळी फिरून मोताळ्याच्या एखाद्या घरात आली, एवढा प्रवास त्या तीन अक्षरांवरून कळू शकतो.

म्हणून एक विनंती गृहिणींना आणि सणाला घासायला बसणाऱ्या मुलांना. बुडाला चिंच, पितांबरी, राख काही लावू नका. अंग चकचकीत करा, बूड तसेच राहू द्या. दरवर्षी घासून ठसे पुसट होतात, आणि ठसा गेला की उरते ते वजनावर विकायचे पितळ.

मुद्दा 2. पदकाच्या कडेवर नाव असते, आणि कधी कधी ते दुसरीकडे कुठेच नसते

माझ्या दृष्टीने सगळ्यात निकडीचा मुद्दा हाच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने जे युद्धपदक दिले ते चांदीचे होते, एक औंसाच्या आसपास. मजूर तुकड्यांतल्या आणि लष्कराबरोबर गेलेल्या नोकरवर्गातल्या हिंदी लोकांना तेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले गेले. जातवार, कामवार उतरंड पदकाच्या धातूतही पाळली गेली. पण चांदी असो की कासे, कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. ती कड फार बारीक असते, चष्मा लावून आणि उजेडात फिरवून वाचावी लागते. अनेक घरांत पदक शंभर वर्षे आहे आणि कडेकडे कुणी पाहिलेले नाही.

आता बसरा इथल्या स्मारकाची गोष्ट ऐका. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे हे स्मारक. मेसोपोटेमियातल्याच कूत शहराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. बसऱ्याच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे टाकले गेले. या पलटणीचे इतके, त्या पलटणीचे इतके. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल 2021 मध्ये आपल्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला आणि मान्य केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान 1 लाख 16 हजार लोकांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या फौजांमधल्या लोकांची, नावानिशी नोंद स्मारकांवर झाली नाही किंवा कसलीच झाली नाही.

ज्याच्या वाट्याला भिंतीवर नुसता आकडा आला, त्याचे नाव धातूवर कुठे असेल तर ते पदकाच्या कडेवर, किंवा घरच्यांना पाठवलेल्या काशाच्या तबकडीवर. ही तबकडी मृतांच्या वारसांना दिली जाई, साधारण 12 सेंटिमीटर रुंद, सिंह आणि ब्रिटानियाच्या चित्राची. तिच्यावर उठावाच्या अक्षरांत नाव असे आणि हुद्दा मुद्दाम घातलेला नसे, कारण मरणात सगळे सारखे असा विचार त्यामागे होता. बसऱ्याच्या भिंतीला हा विचार सुचला नाही.

आता या चांदीचे काय होते? जे इतर चांदीचे होते तेच. अडचण आली, लग्न निघाले, जुने पैंजण आणि करंडे मोडायला काढले, त्यात पदकही गेले. 1980 च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा खुद्द ब्रिटनमध्ये अशी असंख्य पदके वितळली. आपल्याकडे खामगाव ही रजतनगरी, आसपासच्या तालुक्यांतली मोड तिथे येते. सराफाचा यात दोष नाही. त्याच्यासमोर गिऱ्हाईक बसलेले असते आणि चांदी असते. पण मुशीत टाकण्याआधी एक मिनिट कड वाचून नाव वहीत उतरवणे आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढणे त्याला सहज शक्य आहे. शक्य असेल तर गिऱ्हाइकाला एवढे सांगावे की संग्राहकांच्या बाजारात नाव असलेल्या पदकाला चांदीच्या भावाहून जास्त किंमत येते, घाई करू नका. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या सराफांनी आपसात बसून एवढे ठरवले तर कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांवरही नाव घातलेले होते. ब्रिटनमध्ये दिलेली बहुतेक पदके कोरी होती. स्वतंत्र भारताची पदके, 1971 चा पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम पदक, यांच्यावरही नाव असते. ती चांदीची नसल्यामुळे मुशीतून वाचली, पण मुलांच्या खेळण्यांत हरवतात.

मुद्दा 3. लढाईचा धातू एका बाजूचा नसतो

स्मरणवस्तू म्हटले की आपली छाती लगेच फुगते. थोडे थांबून हिशेब करावा.

29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनियार इथे इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढायांत हाती लागलेल्या तोफांचे कासे वितळवून त्यांनी सहा टोकांचे तारे ओतले आणि लढलेल्या सैनिकांच्या छातीवर लावले. हाच ग्वाल्हेर स्टार. तोफा मराठ्यांच्या, तारा कंपनीच्या शिपायाचा, आणि तो शिपाईही पुष्कळदा हिंदीच. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक क्रिमियाच्या युद्धात रशियाकडून घेतलेल्या तोफांच्या धातूचे असे परंपरेने सांगतात. नंतरच्या तपासणीत चिनी तोफांचा धातूही निघाला. हेच पदक 1944 आणि 1945 मध्ये इटलीतल्या लढाईसाठी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना मिळाले. घाडग्यांचे मरणोत्तर. कोणाची तोफ, कोणाचा राजा, कोणाची छाती!

आपणही हेच केले आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा सह्याद्री चढून आल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर एक आहे. पोर्तुगीजांच्या क्रूस-मेरीच्या खुणा अंगावर घेऊन त्या शंकरापुढे वाजतात. कोणाला त्यात वावगे वाटत नाही, मलाही वाटत नाही, कारण वसईचे नाव त्या घंटांपासून कधी तुटले नाही. घंटा कुठली, ते मेणवलीतले शाळकरी पोरही सांगते.

आपल्या जिल्ह्याच्या कुंपणाला लागून असलेल्या असईचे उदाहरण मात्र उलट आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर तिथे जय मिळवला, शंभराच्या आसपास तोफा घेतल्या. त्याचे जखमी अजिंठ्याला ठेवले गेले. दोन महिन्यांनी वऱ्हाडात अडगावला पुन्हा लढाई झाली आणि आणखी तोफा गेल्या. ह्या तोफांचे पुढे काय झाले, हे धाडच्या बाजारात विचारा. उत्तर मिळणार नाही. मुळात वऱ्हाड इंग्रजांकडे आले ते लष्कराच्या खर्चापायी: हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे पैसे थकले म्हणून 1853 मध्ये निजामाने हा मुलूख त्यांच्या ताब्यात दिला. सगळा जिल्हाच एकदा लष्करी बिलापोटी गहाण पडलेला आहे, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळाली तर नशीब.

मुद्दा 4. विक्रांतचे जे झाले ते पुन्हा होऊ नये

विक्रांत हे विमानवाहू जहाज 1961 मध्ये नौदलात आले, 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात त्याच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, 1997 मध्ये ते निवृत्त झाले. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे राहिले. सुरक्षेच्या कारणाने 2012 मध्ये तेही बंद झाले. जहाज वाचवावे म्हणून लोक न्यायालयात गेले. निभाव लागला नाही. सुमारे 60 कोटी रुपयांना ते भंगारात गेले आणि 2014 मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात त्याचे तुकडे पडले. फेब्रुवारी 2016 मध्ये त्याच धातूचा अंश घातलेली मोटारसायकल बजाजने बाजारात आणली. टाकीवर तसे लिहिलेले होते. आपल्याकडेही ती गाडी फिरली. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिपायाने ती केवळ त्यासाठी घेतली. पेट्रोल भरताना तो झाकणाला हात लावायचा.

मला त्या कंपनीची कल्पना वाईट वाटत नाही. निदान कोणीतरी तो धातू आठवणीसाठी विकत घेतला. वाईट वाटते ते सरकारांचे: केंद्राने म्हणायचे राज्याने सांभाळावे, राज्याने म्हणायचे पैसे नाहीत, आणि मधल्या मध्ये सोळा हजार टनांहून वजनदार जहाजाची आठवण एका पेट्रोलच्या टाकीवर येऊन थांबली. ती गाडी उद्या भंगारात जाईल तेव्हा तो धातू दुसऱ्यांदा मोडीत जाईल, आणि या वेळी वर्तमानपत्रात बातमीही येणार नाही. विक्रांतवर 1971 मध्ये बुलढाण्याचे कोण होते? इंजिनखान्यात, स्वयंपाकघरात, विमानपट्टीवर? ते लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जहाजाचा एखादा बिल्ला असेल, दोरीची गाठ असेल, पितळेची पाटी असेल. त्यांना विचारायला अजून वेळ आहे. दहा वर्षांनी नसेल.

मुद्दा 5. रणगाडा

लष्करातून बाद झालेले रणगाडे आणि तोफा गावांना स्मारक म्हणून मिळतात, आणि अनेक नगरपालिकांना तो मोह होतो. रणगाडा पाहायचा तर अहिल्यानगरला 1994 पासून रणगाडा संग्रहालय आहे, तिथे 1965 च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटनसुद्धा आहे. सहल काढा. चौकातला रणगाडा दोन पावसाळ्यांत गंजतो, त्यावर वाढदिवसाचे फलक लागतात, आणि तो या जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाबद्दल काहीही सांगत नाही. तोच पैसा नोंदवहीला लावा, उरेल.

मुद्दा 6. न फुटलेले ते स्मरणचिन्ह नव्हे

नोंदीच्या मोहिमेत पहिला नियम हा हवा. पुंगळी रिकामी आहे की नाही, टोकाला गोळी बसलेली आहे का, बुडाच्या मधल्या टिकलीवर पिनेचा खड्डा पडलेला आहे का, हे पाहायचे ते नजरेने, हात न लावता. गोळी बसलेली आणि टिकली कोरी, तर ते जिवंत काडतूस समजायचे. परवान्याशिवाय ते बाळगणे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तोफेचा किंवा मॉर्टरचा बंद गोळा असेल तर खोलीतून बाहेर पडायचे आणि 112 ला फोन करायचा. जिल्हा पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक त्याचसाठी आहे. आजोबांनी आणलेला गोळा पन्नास वर्षे शोकेसमध्ये शांत बसला म्हणून तो थंड झालेला असतो असे नाही.

धातूची किंमत माणसाला कुठवर नेते हे विदर्भाला नवे नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन 6 जण गेले. आसपासच्या खेड्यांतले मजूर तिथे कंत्राटदाराकडे राबत होते. अहिल्यानगरजवळ खारेकर्जुने भागात लष्कराच्या सराव क्षेत्रालगतच्या लोकांना गोळ्यांचे भंगार वेचण्याची सवय लागली आणि त्यात जीव गेले. लाओसमध्ये 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. तिथल्या बान नापिया गावात त्या ॲल्युमिनियमचे चमचे आणि बांगड्या करून पर्यटकांना विकतात, पण शेतात न फुटलेले बॉम्ब अजून निघतात आणि मुले मरतात. बेल्जियमच्या शेतकऱ्याला नांगरताना गोळा लागला तर तो रस्त्याच्या कडेला ठेवून लष्कराला कळवतो, आणि लष्कर असे शंभराहून अधिक टन दारूगोळा दरवर्षी उचलते, शंभर वर्षांनंतरही. तिथे फोन केला की माणूस येतो. आपल्याकडे फोन केला की आधी चौकशी आपलीच होते, ही लोकांची भीती आहे. म्हणून पोलीस अधीक्षकांनी जाहीर आश्वासन द्यावे: अमुक तारखेपर्यंत जो स्वतःहून जुनी वस्तू कळवील त्याच्यावर कारवाई होणार नाही. हे आश्वासन नसेल तर लोक गोळा विहिरीत टाकतील.

मुद्दा 7. शेतात सापडलेले

सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान मारला गेला, हैदराबादच्या निजामशाहीचा पाया तिथे पडला आणि गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले गेले. 2024 मध्ये त्याला तीनशे वर्षे झाली. अशा शिवारात नांगराला लोखंडी गोळा, शिशाची गोळी, तलवारीची मूठ लागली तर ती लोहाराला देऊ नका. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे असे 1878 चा निखात निधी कायदा सांगतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही असे 1972 चा पुरावस्तू कायदा सांगतो. या दुसऱ्या कायद्यात पहिल्या महायुद्धाच्या वस्तूही आता बसू लागल्या आहेत. परदेशातल्या संग्राहकाला पदक पाठवण्याआधी हे लक्षात असावे.

मुद्दा 8. नोंद कशी करायची

गावोगावी नवी समिती नको. ऑगस्ट 2023 मध्ये ‘मेरी माटी, मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शहिदांच्या स्मरणाचे शिलाफलक बसवले आहेत. त्या फलकापासूनच सुरुवात करावी. माध्यमिक शाळेतली नववीची मुले आणि एक शिक्षक, बरोबर गावातला एक माजी सैनिक. मोबाइल, वही, मोजपट्टी. प्रत्येक वस्तूला एक पान: वस्तू काय, कोणी आणली, कोणत्या पलटणीतून, कुठून, कधी, स्वतः केली, भेट मिळाली की विकत घेतली, बुडावरचे किंवा कडेवरचे ठसे जसेच्या तसे, चारी बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. शेवटी घरच्यांच्या तोंडची हकिगत, त्यांच्याच बोलीत, न सुधारता. ‘माहीत नाही’ हे उत्तर पूर्ण मानायचे. कल्पनेने रिकामी जागा भरणारा शिक्षक या कामावर नेमू नये.

आपल्याकडे पराक्रमाची हकिगत लिहायला माणसे मिळतात. स्वयंपाकी, धोबी, खेचर हाकणारा, स्ट्रेचर वाहणारा यांची लिहायला मिळत नाहीत. पहिल्या महायुद्धात त्यांतल्या अनेकांना पदकही काशाचे मिळाले. तेव्हा लढणारा आणि न लढणारा असा भेद नोंदवहीने करू नये. बॉर्डर रोडवर काम केलेले, केंद्रीय राखीव पोलीस दलातले, सगळे आत घ्यावे. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामात गेलेले जिल्ह्याचे दोन्ही जवान, मलकापूरचे आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे, राखीव दलाचेच होते.

एक प्रत घरच्यांना, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. कोणाच्या घरी चांदीचे पदक आहे हे चोरालाही कळेल, म्हणून पत्ता आणि फोन उघड नोंदीत छापू नये. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा उपाय एवढा सोपा आहे.

दुसरा आक्षेप असा की यातून युद्धाचे कौतुक होते. पुंगळीत मोगऱ्याची फुले ठेवली की होतेच थोडे. पण ज्या घरी माणूस परत आला नाही त्या घरी ती पुंगळी कौतुकाची नसते. काही विधवांनी पेटी कधी उघडली नाही आणि उघडायची त्यांची इच्छाही नाही. तिथे दार वाजवायचे नाही. ‘पेटी आहे, उघडली नाही’ एवढे लिहून पुढच्या घरी जायचे. तीही नोंदच आहे, आणि वहीतली तीच पाने युद्धाबद्दल सर्वात जास्त सांगतील असा माझा अंदाज आहे.

मुद्दा 9. आता काय करायचे

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना आपल्या गावी ग्रामसभा होते. तिच्या विषयपत्रिकेवर ‘गावातील सैनिकांच्या स्मरणवस्तूंची नोंद’ हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीला आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. शहरात राहत असाल तर हाच अर्ज प्रभागातल्या नगरसेवकाला आणि सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. सराफा दुकानात ओळख असेल तर पदकाच्या कडेची गोष्ट आजच कानावर घाला. आणि घरी पदक असेल तर हा अंक खाली ठेवून उजेडात जा, कड वाचा, नाव, नंबर, पलटण कागदावर लिहून काढा. अर्जाला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो.